मूर्ती यायच्या आधीचे नऊ दिवस

पाळणाघराची जागा तुम्ही देवाला देऊन टाकली, आणि देवाला साधं विचारलंसुद्धा नाही. बायांना विचारायचा तर प्रश्नच नव्हता. खुंट्या तुम्हीच ठोकल्या होत्या, साहेब. त्याच खुंट्यांच्या आत तुम्ही दुसरंच काही उभं केलं, त्याच बायांच्या डोक्यावरून विटा नेऊन, आणि दहा आठवडे त्यांना कळूही दिलं नाही. ते कपट होतं की नुसता आळस, हे तुमचं तुम्ही ठरवा. मथुरेला दोन्ही सारखंच पडलं.

मथुरा रेजा होती. भिलाईत माती, गिट्टी, विटा डोक्यावरून वाहणाऱ्या बाईला रेजा म्हणत. त्यापुढे तिचं नाव विचारायची मुकादमाला गरज पडत नसे. साकोलीकडच्या एका खेड्यातून ती नवऱ्यासोबत आली होती. नवरा तेजराम खलाशी, म्हणजे लोखंडाच्या तुळया दोरांनी वर चढवणाऱ्या टोळीतला. मुलगी तारा, लाडानं तारी, इथेच, खुर्सीपार वस्तीतल्या झोपडीत जन्मली. अठ्ठावन्न साल लागलं तेव्हा ती सहा महिन्यांची होती.

कारखाना तेव्हा सगळाच अर्धा होता. अर्धी भट्टी, अर्धी चिमणी, अर्धे रूळ. सकाळी मुरमाची लाल धूळ उठली की चिमण्यांचे पाय दिसेनासे होत आणि त्या आभाळातून खाली सोडल्यासारख्या लटकत राहत. तुळयांवर चढलेली माणसं त्या धुळीत पोहत असल्यासारखी हळूहळू हलत. पंजाबी, तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी, सगळ्या बोलींच्या हाका एकमेकींत मिसळून नुसता एक गुंजारव कानावर येई. घमेलं डोक्यावर घेऊन फळीचा चढ चढताना मथुरेला कधीकधी वाटे, हे सगळं दूर कुठं तरी निजलेल्या कोण्या मोठ्या माणसाचं सपन आहे, आणि आपण त्या सपनात विटा पोचवून राहिलो. तो कूस बदलेल तेव्हा आपलं काय होईल, हेही तिच्या मनात येई. मग मुकादम ओरडे आणि चढ संपे.

आपण काय बांधतो ते रेजांना कोणी सांगत नसे. एकदा सहा महिने त्यांनी एका खड्ड्यात विटा उतरवल्या. खड्ड्याची भिंत झाली, भिंतीवर भिंत झाली, आणि एक दिवस कोणी तरी म्हणालं, ही कोकची भट्टी. कोक म्हणजे काय ते तेव्हाही कळलं नाही. विचारलं असतं तर मुकादम म्हणाला असता, तुले काय करायचं? म्हणून कोणी विचारत नसे. वीट उचलायची, वर द्यायची, रिकामं घमेलं घेऊन उतरायचं. इमारत ज्यांची असेल त्यांना माहीत असेल.

आणि लेकरं? परांचीच्या खालच्या आडव्या बांबूला लुगड्याची झोळी बांधायची. कामावर चढायच्या आधी मोहरीएवढा अफूचा कण आपल्याच दुधात घोळून लेकराच्या जिभेवर ठेवायचा. सगळ्या रेजा ठेवत. शहाणी माणसं यावर तोंड वाकडं करतील. करू द्या. खाली लेकरू रांगत असताना वरून वीट सुटली की काय होतं, ते मथुरेनं एकदा पाहिलं होतं, आणि त्याबद्दल ती कोणाशी बोलत नसे. अफू दिलेलं लेकरू रांगत नाही, रडत नाही. डोळे अर्धे उघडे ठेवून ते कुठं तरी पाहत राहतं. आईला जिथं जाता येत नाही अशा ठिकाणी ते दिवसभर एकटं फिरून येतं आणि संध्याकाळी परत आल्यावर त्याला आई थोडी परकी वाटते.

होळीच्या आधी एका दुपारी तारा परत आली नाही.

मथुरा दूध पाजायला उतरली होती. दूध पोरीच्या ओठांवरून तसंच गळ्याकडे वाहून गेलं. मथुरेनं तळव्यांवर चापट्या मारल्या, तोंडावर पाणी मारलं. तारा शांत होती, इतकी शांत की मथुरेला आजूबाजूचे हातोडेही थांबल्यासारखे वाटले. अन्नपूर्णाबुढी धावली. बोटं वाकडी झाल्यामुळे तिला घमेलं धरवत नसे; रेजांना पाणी पाजायच्या कामावर ती कशीबशी टिकून होती. तिनं कांदा फोडून पोरीच्या नाकाशी धरला, पाठ चोळली, नावानं हाका मारल्या. किती वेळ गेला कोण जाणे. मग तारानं एक जांभई दिली. एवढी मोठी जांभई, की तिच्यासोबत सगळे हातोडे पुन्हा सुरू झाले.

मथुरा मुरमावर बसून राहिली.

"आता नाई देत मी, माय," ती म्हणाली.

"नाई देत तं ठेवशील कुठी? डोक्शावर?"

"पाळणाघर होऊन राहिलं ना."

"व्हायले टाईम हाय व."

"मंग तवपर्यंत पाठीशी बांधीन."

आणि खरंच तिनं त्या दिवसापासून तारीला पाठीशी बांधून विटा वाहिल्या. मुकादम म्हणाला, दोन जीव चढले तरी हजेरी एकाचीच लागेल. मथुरा म्हणाली, लावा.

पाळणाघर होत होतं हे खरं. दिवाळीच्या आगेमागे कारखान्याचे साहेब स्वतः आले होते. विटांच्या भट्ट्यांपलीकडे कडुनिंबाच्या सावलीजवळ त्यांनी चार खुंट्या ठोकायला लावल्या आणि म्हणाले, "यहाँ बच्चों का घर बनेगा." कायद्यातच होतं म्हणे तसं. संक्रांत झाली आणि खुंट्यांच्या आत पाया खणला गेला. मुकादम म्हणाला, हे तुमच्याच भल्याचं काम, रविवारी श्रमदान करा. बायांनी केलं. हसत केलं. भिलाईत पहिल्यांदा त्यांना माहीत होतं की आपण काय बांधतो.

मथुरेनं तर मनात सगळं मांडून टाकलं होतं. चढ चढताना भिंतीच्या आतली रिकामी जागा वरून दिसे, आणि त्या जागेत ती एकेक झोळी टांगत जाई. तारीची दाराजवळ, वारा येतो तिथं. आंध्राच्या एका रेजाच्या जुळ्यांची शेजारी शेजारी. मधे अन्नपूर्णाबुढी पंखा घेऊन बसलेली, जागी की निजलेली ते कळू नये अशी. झोळ्या एका लयीत हलतात, बुढीचं डोकंही त्याच लयीत हलतं, आणि बाहेरचा सगळा कारखाना, त्या भट्ट्या, ते रूळ, या झोळ्यांच्या वाऱ्यानं जरासा डुलतो. विटा हलक्या लागत तेव्हा.

मिस्त्री फकिरा मोजकं बोलणारा माणूस. मथुरा वीट हातात देता देता विचारी, "मिस्त्री, आतली खोली लयच अंधारी होऊन राहिली."

"अंधारीच पायजे. तिथं उजेडाचं काय काम?"

बरोबर आहे, मथुरेला वाटलं. उजेडात लेकरं निजत नाहीत.

"उंबरठा एवढा उंच कावून?"

"असाच राहते तो."

हेही बरोबर. रांगतं लेकरू बाहेर निसटणार नाही.

आतल्या खोलीच्या फरशीला त्यानं उतार दिला आणि भिंतीतून बाहेर पन्हळ काढली. पाणी जायला, म्हणाला. दुपटी धुवायची सोय, मथुरेनं बाकीच्या बायांना सांगितलं. मोठ्या खोलीच्या छतात लोखंडी कड्या बसवल्या, तेव्हा तिनं विचारलं, "वजन पेलते का जी?"

"दीड मणाची टांगा, हलत नाई."

"दीड मणाचं कोणाचं पोट्टं हाय, बाप्पा?"

फकिराला ते गमतीचं बोलणं वाटलं. तो हसला. तीही हसली. फकिराला वाटत होतं, बायांना माहीत आहे. बायांना वाटत होतं, यात माहीत नसण्यासारखं काय आहे.

मग आतल्या खोलीच्या भिंती छतापाशी थांबल्याच नाहीत. त्या वर चढत गेल्या, चढता चढता एकमेकींकडे झुकू लागल्या. दोन दिवस मथुरा नुसती पाहत होती. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं.

"मिस्त्री, पाळणाघराले धुराडं कायले?"

"धुराडं नोहे ते. शिखर हाय."

"कायचं?"

"देवळाचं. मारुतीच्या." फकिरानं थापी थांबवून तिच्याकडे पाहिलं. "तुमाले नाई माहीत?"

खालच्या चढावर ओळीनं उभ्या बायाही थांबल्या. गोष्ट एकीकडून दुसरीकडे, घमेल्यासारखीच, खालपर्यंत उतरत गेली. कोणी ओरडलं नाही. थोड्या वेळानं मथुरेनं डोक्यावरच्या विटा मिस्त्रीच्या हातात दिल्या. ओझं डोक्यावर असताना उभं राहून दुःख करता येत नाही.

झालं होतं ते असं. शेठ म्हणजे ठेकेदार. त्याला पुढल्या निवडणुकीचं तिकीट हवं होतं. झोळ्यांसाठी छप्पर बांधल्यानं तिकीट मिळत नाही. लेकरं मत देत नाहीत आणि त्यांच्या आया नवरे सांगतील त्या पेटीत मत टाकतात, असा त्याचा हिशेब. मूर्ती तो जयपूरहून आणणार होता, संगमरवर देणार होता, आणि दाराशी त्याच्या नावाची पाटी लागणार होती. युनियनचा पुढारी पुंडलिक. तो कमिटीच्या निवडणुकीला उभा होता आणि फिरायला त्याला जीप लागत होती. जीप शेठची. साहेबांना वर एक इमारत पूर्ण झाल्याचं कळवायचं होतं. मग पुंडलिकनं सभा घेतली. कुठं? तर तालमीत. बाई तालमीत पाय ठेवत नाही, हे साऱ्या खुर्सीपारला ठाऊक होतं. तिथं त्यानं विचारलं, भाऊ हो, पाळणाघर पाहिजे का बजरंगबली? आणि असा प्रश्न तालमीतच विचारायचा असतो.

संध्याकाळी तेजराम जेवायला बसला तेव्हा मथुरेनं भाकर त्याच्या ताटात ठेवली आणि समोर बसली.

"तुमी होते का तालमीत?"

त्यानं भाकर मोडली.

"हात वर केला?"

"सगळ्यायनं केला. मी बी केला."

"पोट्टीची याद नाई आली?"

"आता मारुतीले नाई म्हणू का?" तेजरामनं घास खाली ठेवला. "वर तुळईवर उभा राहतो तवा खाली पाहता येत नाई मले. डोळे फिरते. नाव घेतो त्याचं अन् पाय पुढं टाकतो. तोच धरते मले वर."

हे खोटं नव्हतं. मथुरेनं त्याला खालून पाहिलं होतं, आभाळात ओठ हलवत चालताना. देवाशी तिचं भांडण नव्हतंच.

"तुमाले वर तो धरते," ती म्हणाली. "खाली तारीले कोण धरते?"

तेजराम जेवून उठला. पण त्या दिवशी त्यानं तारीला बराच वेळ पोटावर घेतलं.

शिखर झालं, गिलावा झाला. मूर्ती यायला नऊ दिवस होते; चैत्री पुनवेला, मारुतीच्या जन्माला, प्राणप्रतिष्ठा ठरली होती. नव्या गिलाव्याला रोज तीनदा पाणी मारावं लागतं, नाही तर तो तडकतो. ते काम रेजांचंच. पहिल्या दिवशी मथुरा बादली घेऊन आत गेली आणि दारातच थांबली. बाहेर चैत्राचं ऊन मुरमावरून उसळत होतं, आणि आत ओल्या चुन्याचा वास, ओल्या भिंतींचा गारवा, छतातल्या रिकाम्या कड्या. आतल्या खोलीत अंधार आणि अंधारात कोणीच नाही. देव अजून आला नव्हता. तो जयपूरच्या गाडीत पेंढ्यात निजलेला होता.

मग हे छप्पर आज कोणाचं?

तिनं पाठीवरचं लुगडं सोडलं, कडीत अडकवलं, आणि त्यात तारीला ठेवलं. कडी हलली नाही.

दुपारपर्यंत सहा झोळ्या होत्या. दुसऱ्या दिवशी सतरा. जागा मथुरेनं आधीच ठरवलेल्या होत्या, त्यामुळे कोणाला काही शोधावं लागलं नाही. अन्नपूर्णाबुढी मधे बसली. पाणी पाजायचं काम तिनं सोडून दिलं, आणि मुकादमानं विचारलं तर म्हणाली, "गिलाव्याले पाणी मारून राहिली ना बापू." खरंही होतं, एका हातानं झोळीला झोका, दुसऱ्या वाकड्या हातानं भिंतीवर पाण्याचा शिपका.

अफूची डबी सगळ्यांनी बंद केली. पहिले दोन दिवस लेकरं रडली, थरथरली, दूध ओकली. बुढी त्यांना ओल्या भिंतीशी घेऊन बसे, गार वाटावं म्हणून. मग ती खरी झोप निजू लागली, आणि मथुरेनं जे पाहिलं ते ती पुढे कधी नीट सांगू शकली नाही. तारी जागी होई आणि पाही. कुठं तरी दूर नाही, समोर, आईकडे. ओल्या भिंतीवर कवडसा हलला की त्याच्यामागे तिचं बोट जाई. दुपारी बाहेर हातोडे, रूळ, शिट्ट्या, सगळं दूर, नदीपलीकडल्या जत्रेसारखं. आत सतरा झोळ्या एकाच लयीत. बुढीचे डोळे मिटलेले. विटा उतरवून बाया पाळीपाळीनं येत, पाजत, आणि जरा वेळ भिंतीला पाठ लावून बसत. कोणी तेलुगू ओवी म्हणे, कोणी छत्तीसगढी. अर्थ न कळता साऱ्याजणी ऐकत. मथुरेला वाटे, तो मोठा निजलेला माणूस आता कूस बदलून या अंगावर आला आहे आणि त्याच्या सपनात आता आपण आहोत. फकिरा मिस्त्री दारात येऊन उभा राही, आत पाही, आणि थापी पुसत परत जाई.

पुनवेच्या आदल्या सकाळी जीप आली.

साहेब उतरले, पुंडलिक उतरला, आणि पूजा सांगायला नागपूरहून आणलेले महाराज उतरले. किडकिडीत, गोड आवाजाचे गृहस्थ. मागे खलाशांची टोळी होती, मूर्ती उतरवायला बोलावलेली. त्यात तेजराम.

साहेबांनी आत डोकावलं. "ये क्या है?"

"बच्चे हैं, साहब," मुकादम म्हणाला.

"वो तो दिख रहा है."

महाराज उंबरठ्याबाहेरच थांबले होते. ते मथुरेला शांतपणे म्हणाले, "बाई, हा ब्रह्मचारी देव आहे. इथं बाळंतिणी, दुपटी, हा सगळा विटाळ झाला. आता आज सगळं धुऊन शुद्ध करावं लागेल. उद्यापासून स्त्रियांनी दर्शन पायरीवरून घ्यावं. त्यात तुमचंच कल्याण आहे."

"अन् लेकरं?" मथुरेनं विचारलं.

पुंडलिक पुढं आला. "मथुराबाई, इलेक्शन होऊ द्या. मंग तुमचंच काम पहिलं. माया शब्द हाय."

"नवीन पाळणाघर बांधसान?"

"पाहू ना."

"पाहू कावून? बांधसान का नाई, ते सांगा."

पुंडलिकनं साहेबांकडे पाहिलं, घाम पुसला, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं. "आता कसं सांगू बाई तुले. कागदावर हेच पाळणाघर हाय. बांधून झालं म्हून वर कळवलं. दुसरं मागतलं तं साहेब फसते."

साहेबांना मराठी समजत नव्हतं, पण पुंडलिकचा चेहरा त्यांना समजला. ते जीपकडे पाहू लागले.

बाया विटा ठेवून गोळा झाल्या होत्या. अन्नपूर्णाबुढी आतूनच, झोका न थांबवता बोलली. "मंग देऊळ कागदावर बांधा ना बापू. देव समजदार हाय, बसून जाईन. लेकरं कागदावर निजत नाई."

खलाशांत कोणी तरी हसलं आणि खोकला काढून झाकलं.

"आई, वाद नको," महाराज म्हणाले. "मुहूर्त टळेल. बायांनी झोळ्या सोडाव्यात, नाही तर ही माणसं सोडतील."

माणसं हलली नाहीत. ती तेजरामकडे पाहत होती, कारण वाद घालणारी बाई त्याची होती. तेजराम खांद्यावरचा दोर या हातातून त्या हातात घेत होता.

मथुरेनं तारीला झोळीतून काढलं आणि कडेवर घेऊन ती दारात आली. पोरगी जागी होती, टक्क जागी. एवढ्या माणसांकडे एकेक करून पाहत होती.

"महाराज," मथुरा म्हणाली, "देव मलेही पायजे. माया घरचा माणूस त्याच्याच नावानं वर चालते. विटा मीच वाहिल्या, अन् देवळाच्या म्हून सांगतलं असतं तरी वाहिल्या असत्या. पण एक सांगा मले. उद्या तुमी मंत्र म्हणसान अन् देव येईन. जन्माचा दिवस हाय त्याचा. एवढासाच राहीन तो, माया पोरीवानी. अन् त्याच्यासंगं त्याची माय आली, अंजनीमाय, तं तिले तुमी आत घेसान का पायरीवर उभी करसान?"

महाराजांनी उपरणं सावरून पुंडलिककडे पाहिलं. साहेबांनी पुंडलिकला विचारलं, ही काय म्हणते? पुंडलिकनं सांगितलं नाही.

मथुरा दारात खाली बसली, तारीला मांडीवर घेऊन.

"बोला ना," ती म्हणाली. "साहेब, तुमी बी सांगा. पुंडलिकभाऊ, तुमी बी. तिले आत घेसान का नाई? मी आयकून राहिली."